पाणलोट क्षेत्र विकास
पाणलोट क्षेत्र विकास : ज्या भूप्रदेशावर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत येऊन एकाच ओढ्याच्या किंवा नदीच्या मुखातून बाहेर पडते, त्या प्रदेशास त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. अशा क्षेत्रातील माती, पाणी, वनस्पती, जनावरे व मनुष्यवस्ती यांचा परस्परसंबंध लक्षात घेऊन त्यांची झालेली हानी प्रथम मोजणे व नंतर जमिनीची उत्पादनक्षमता पुन्हा निर्माण होईल अशी कामे क्रमाने करणे, यास पाणलोट क्षेत्र विकास ही संज्ञा आहे. त्यात केवळ बांधबंदिस्तीचा किंवा केवळ वृक्षारोपणाचा समावेश होत नाही. गावाच्या शिवारात किती पाणी पडते, त्यापैकी किती मुरते, किती वाहून जाते आणि किती उपसले जाते याचा हिशेब, म्हणजेच जलताळेबंद, हा या पद्धतीचा पाया असून त्या हिशेबास अनुसरून पिकांची निवड व पाण्याची वाटणी करणे हा तिचा कळस होय. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात, विशेषतः अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर), या पद्धतीचे महत्त्वाचे प्रयोग झाले आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या पूर्वेस पसरलेला पर्जन्यछायेचा पट्टा हा महाराष्ट्रातील कायमचा टंचाईचा प्रदेश आहे. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेला जामखेड तालुका याच पट्ट्यात मोडतो. बालाघाट डोंगररांगेच्या कडेस वसलेला हा तालुका बीड, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व सोलापूर या जिल्ह्यांना लागून आहे. मराठे व निजाम यांच्यात १७९५ मध्ये जेथे लढाई झाली ते खर्डा आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान असलेले चौंडी ही गावे याच तालुक्यातील होत. येथील पाऊस सर्वसाधारणपणे ५०० ते ७०० मिमी. च्या दरम्यान असला, तरी तो थोड्या दिवसांत व मोठ्या सरींनी पडतो आणि एका वर्षाचा भरवसा दुसऱ्या वर्षी देता येत नाही. डोंगरउतारावरील जमिनी हलक्या व मुरमाड असून सखल भागात काळी माती आढळते.

या प्रदेशातील भूजलाचे स्वरूप दख्खनच्या काळ्या पाषाणाने (बेसाल्टने) ठरविले आहे. हा खडक मुळात कठीण व अच्छिद्र असतो. त्याच्या झिजलेल्या मांजऱ्या थरांत, सांध्यांत व फटींत जेवढी जागा असेल, तेवढेच पाणी त्यात साठते. सर्वसाधारणपणे अशा थराच्या एकूण घनफळाच्या १ ते ३ टक्के इतकेच पाणी विहिरीला मिळू शकते. गंगेच्या गाळाच्या मैदानाप्रमाणे येथे भूगर्भात विस्तीर्ण जलसाठा नाही. म्हणून एका वर्षी मुरलेले पाणी बहुधा त्याच वर्षी संपते व पुढचा पाऊस हुकला की विहिरी कोरड्या पडतात. खोल विंधनविहिरी घेऊन हा दोष दूर होत नाही. खालच्या थरांतील पाणी फार सावकाश भरून येत असल्याने अशा उपशाने फक्त शिल्लक संपुष्टात येते.

पूर्वेतिहास : टंचाईच्या प्रदेशात पाणी जमिनीतच अडविण्याचा विचार जुना आहे. सोलापूर येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले व तेथील अभ्यासातून समतल बांध, खोल नांगरट, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली ‘मुंबई कोरडवाहू शेतीपद्धती’ पुढे आली. जमीन सुधारणा योजनांविषयी मुंबई इलाख्याचा कायदा १९४२ मध्ये संमत झाला व त्यान्वये मोठ्या प्रमाणावर बांधबंदिस्ती करण्यात आली. या कामात शेत हे एकक मानलेले होते. वरच्या डोंगरावरून येणारा लोंढा तसाच राहिल्याने खालचे बांध अनेक ठिकाणी फुटले.

१९७२ च्या भीषण दुष्काळाने या विचारास वेगळे वळण दिले. दुष्काळी कामांवर लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, रस्ते केले आणि पाझर तलाव खोदले. याच अनुभवातून रोजगार हमी योजनेस कायद्याचे रूप मिळाले. हा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. १९८० नंतर शेताऐवजी संपूर्ण पाणलोट क्षेत्र हे नियोजनाचे एकक मानून राज्य शासनाने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भूजलाच्या मूल्यमापनासाठी राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली आहे.

मापन : पाणलोट क्षेत्राची स्थिती जाणून घेण्यासाठी तीन प्रकारची मोजमापे केली जातात. पहिले पावसाचे. गावात पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची नोंद ठेवतात. एक हेक्टर क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडला, तर १० घ.मी., म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळते, हे सूत्र सोपे असल्याने ते कोणाही शेतकऱ्यास समजते. दुसरे मोजमाप भूजलाचे. ठराविक निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजतात. मे व ऑक्टोबर यांमधील फरकावरून पावसाळ्यात किती पाणी मुरले, याचा अंदाज येतो. तिसरे मोजमाप वापराचे असून त्यात माणसे, जनावरे व पिके यांची गरज स्वतंत्रपणे मांडतात.

उदाहरणादाखल १,००० हेक्टर शिवाराचे व २,००० लोकवस्तीचे एक कल्पित गाव घेता येईल. वर्षात ५०० मिमी. पाऊस झाला, तर शिवारावर ५० लक्ष घ.मी. पाणी पडते. त्यातील बरेचसे पाणी ओलाव्याच्या रूपाने पिके व गवत यांच्या उपयोगी पडून किंवा बाष्परूपाने हवेत मिसळते. काही ओढ्याने वाहून जाते. विहिरींची पातळी सरासरी २.५ मी. वर आली आणि खडकाची जलदेयता २ टक्के धरली, तर मुरलेले पाणी ५ लक्ष घ.मी., म्हणजे पावसाच्या एकदशांश भरते. माणशी दररोज ५५ लिटर या मानाने लोकांस वर्षभरात सु. ४०,००० घ.मी. पाणी लागेल. एक हजार जनावरांस दररोज प्रत्येकी ५० लिटर धरल्यास सु. १८,००० घ.मी. लागेल. म्हणजे माणसे व जनावरे मिळून मुरलेल्या पाण्यापैकी बारा टक्क्यांहून कमी पाणी वापरतात. उरलेले सु. ४.४ लक्ष घ.मी. पाणी पिकांच्या वाट्यास येते. भूजलाचा जो अंश आपोआप ओढ्यानाल्यांत झिरपून जातो, तो वजा केल्यास ही शिल्लक आणखी घटते.

या आकड्यांवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. रब्बी ज्वारीस तीन पाळ्यांचे मिळून हेक्टरी सु. २,००० घ.मी. पाणी दिले, तर या शिलकेवर सु. २२० हेक्टर ज्वारी भिजते. उसास हेक्टरी २०,००० घ.मी. किंवा त्याहून अधिक पाणी लागत असल्याने तेवढ्याच पाण्यात जेमतेम २२ हेक्टर ऊस होतो. एक हेक्टर उसास लागणारे पाणी त्या गावातील सर्व माणसांस सहा महिने पुरेल एवढे असते. म्हणून ज्या गावास उन्हाळ्यात टँकर लागतो, तेथे पिण्याच्या पाण्याचा तुटवडा हा बहुधा पावसाचा नसून वाटणीचा प्रश्न असतो. ही गोष्ट आकड्यांनी मांडल्याखेरीज ग्रामसभेत सहसा मान्य होत नाही. जलताळेबंदाचे खरे प्रयोजन हेच आहे.

उपाययोजना : कामांचा क्रम ‘माथा ते पायथा’ असा असावा लागतो. प्रथम डोंगरमाथ्यावर व तीव्र उतारावर सलग समतल चर खणून त्यांच्या भरावावर गवत व झाडे लावतात. त्यामुळे पाण्याचा वेग जेथे निर्माण होतो, तेथेच तो मोडतो. त्याखालील ओघळींवर अनगड दगडांचे बांध किंवा तारेच्या जाळीतील दगडी बंधारे घालतात. शेतजमिनीत ढाळीचे किंवा समतल बांध, त्याखाली माती नालाबांध व सिमेंट नालाबांध आणि सर्वांत शेवटी पाझर तलाव अशी मांडणी असते. हा क्रम उलटा केल्यास वरून येणाऱ्या गाळाने तलाव काही वर्षांतच भरतो. खर्चाची मोठी कामे पायथ्याशी असतात व ती चटकन नजरेत भरतात, त्यामुळे हा क्रम मोडण्याचा मोह यंत्रणांना वारंवार होतो.

बांधकामाइतकीच सामाजिक बंधने महत्त्वाची असतात. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली नाही, तर उतारावरील गवत व रोपे टिकत नाहीत. गवताचे आच्छादन परत आले की मातीतील सेंद्रिय द्रव्य वाढते, पावसाचे थेंब थेट मातीवर आदळत नाहीत आणि मुरण्याचे प्रमाण वाढते. पाणलोट विकासाची पुनरुज्जीवनक्षमता मुख्यतः या सजीव आवरणात असते. दगडमातीचे बांध त्याला सावरण्यापुरता अवधी मिळवून देतात.

जामखेडचा अनुभव : पाणी, जमीन व आरोग्य यांचा एकत्र विचार करणारा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक जामखेड येथे झाला. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची स्थापना केली. त्यापूर्वी वडाळा (ता. नेवासे) येथील रुग्णालयात काम करताना बरे होऊन गेलेले रुग्ण, विशेषतः मुले, त्याच आजाराने पुन्हा येतात असे त्यांस दिसून आले होते. बहुतेक आजारांचे मूळ दूषित पाणी व अपुरे अन्न यांत असल्याने केवळ औषधोपचाराने ते हटणार नव्हते.

प्रकल्पाच्या प्रारंभीच दुष्काळाची वर्षे आली. लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती, पाण्याची व अन्नाची होती. ती मान्य करून सामुदायिक स्वयंपाकघरे चालविण्यात आली व विंधनविहिरी घेण्यात आल्या. विहिरीची जागा निवडताना ती शक्यतो दलित वस्तीत असावी, असे धोरण ठेवण्यात आले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांच्या दारात पाणी आले आणि इतरांस तेथे यावे लागले. पाण्याचे मोजमाप करताना ते किती आहे याबरोबरच ते कोणाच्या हाती आहे हेही पाहावे लागते, ही जाणीव या कृतीमागे होती.

गावोगावी शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर व अनेकदा दलित समाजातील स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. मंडळांच्या सदस्यांनी घरोघर पाहणी करून जन्म, मृत्यू, आजार व मुलांचे वजन यांच्या नोंदी केल्या. ज्यांच्याविषयी माहिती गोळा करावयाची, त्यांनीच ती गोळा करावी व तिचा अर्थ लावावा, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. पुढे याच मंडळांनी बांधबंदिस्ती, रोपवाटिका, पडीक जमिनीवरील वृक्षलागवड व पाणी अडविण्याची कामे हाती घेतली. बीड जिल्ह्यातील खडकत येथे प्रकल्पाचे प्रात्यक्षिक शेत आहे. प्रारंभी या क्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. १९९० नंतरच्या दशकात ते ३० च्या खाली आले. ही घट लसीकरण, प्रसूतिसेवा, पोषण, स्वच्छ पाणी व स्त्रियांचे बदललेले स्थान या सर्वांचे एकत्रित फळ असून तिचे श्रेय कोणत्याही एका उपायास देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेविषयीच्या ग्रंथात जामखेडच्या कामावर प्रकरण समाविष्ट होते. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना मान्य झाली, तिच्याशी हे काम मिळतेजुळते होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये व रजनीकांत आरोळे यांचे २०११ मध्ये निधन झाले.

इतर प्रयोग : पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे देवस्थानची जमीन घेऊन पाणी अडविण्याचे प्रात्यक्षिक केले. त्यातून ‘पाणी पंचायत’ ही चळवळ उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीच्या मानाने न ठरवता कुटुंबातील माणसांच्या मानाने ठरवावा, भूमिहीनांसही पाण्यावर हक्क असावा आणि सामुदायिक पाण्यावर ऊस घेऊ नये, ही तिची तत्त्वे होती. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९७५ नंतर श्रमदान, चराईबंदी व नालाबांध यांद्वारे शिवाराचे रूप पालटले. शासनाची आदर्श गाव योजना १९९२ मध्ये सुरू झाली, ती याच अनुभवाच्या आधारे.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या कार्यकालात जलताळेबंदास ग्रामसभेच्या नित्यक्रमात स्थान दिले. २००४ पासून तेथे दरवर्षी पाऊस व विहिरींच्या पातळ्या यांच्या आधारे उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यानुसार रब्बी व उन्हाळी पिकांचे क्षेत्र ठरते. सिंचनासाठी विंधनविहीर घेण्यास व अधिक पाण्याची पिके लावण्यास गावाने स्वतःहून बंदी घातली आहे. याच जिल्ह्यात कार्य करणारे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. त्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली व राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेचा (नाबार्डचा) त्यात सहभाग राहिला. प्रत्येक गटाच्या जमिनीवर प्रत्यक्ष जाऊन, मालक पति-पत्नींशी चर्चा करून काम ठरविणे आणि कामास मंजुरी देण्यापूर्वी गावाकडून श्रमदान घेणे, हे त्याचे विशेष होत.

सल्लागाराची भूमिका : पूर्वी पाणलोटाचा आराखडा कार्यालयात तयार होऊन गावास कळविला जात असे. वरील प्रयोगांत तज्ञाचे काम बदलले. शिवारफेरीत तो गावकऱ्यांबरोबर डोंगरमाथ्यापर्यंत चालतो, उताराचे मोजमाप साध्या साधनांनी कसे करावे हे दाखवितो, विहिरींच्या नोंदी वाचण्यास शिकवितो आणि निर्णय ग्रामसभेवर सोपवितो. ज्ञानाभोवतीचे गूढ वलय दूर करणे हा आरोळे यांच्या पद्धतीचा गाभा होता व तो पाणलोटाच्या क्षेत्रासही तितकाच लागू पडतो. तज्ञ निघून गेल्यावर पर्जन्यमापक वाचणारे कोणी गावात उरले नाही, तर त्याचा सल्ला कागदावरच राहतो.

मर्यादा व समस्या : पाणलोट विकासाचे लाभ आपोआप सर्वांना मिळत नाहीत. मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींत उतरते आणि त्या बहुधा सधन शेतकऱ्यांच्या असतात. उलट चराईबंदीचा भार शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांवर व धनगर कुटुंबांवर पडतो. चाऱ्याची पर्यायी सोय व गवताच्या कापणीत वाटा न ठेवल्यास गावाची ही शिस्त एका वर्गास शिक्षेसारखी होते. वरच्या गावाने सर्व पाणी अडविल्यास खालच्या गावाचा ओढा आटतो, हाही आक्षेप विचारात घ्यावा लागतो.

पाणी वाढले की उपसाही वाढतो. नव्या विंधनविहिरी, फळबागा व भूजल उपसून भरलेली प्लॅस्टिक अस्तराची शेततळी यांमुळे सामुदायिक श्रमाने मुरविलेले पाणी खासगी साठ्यात जाते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याद्वारे खोल विहिरींवर निर्बंध घालण्यात आले असले, तरी त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झालेली नाही. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात राज्यभर मोठी कामे झाली. मात्र भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मधील अहवालात गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यावर व भूजलपातळी वाढविण्यावर त्याचा परिणाम अल्प झाल्याचे नमूद केले. अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतवार जलताळेबंद व जलसुरक्षा आराखडा तयार करण्याची तरतूद आहे.

बालाघाटच्या परिसरातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी घर सोडतात व कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत परगावी राहतात. आपल्या शिवारात पाणी नाही म्हणून ती ज्या पिकाच्या तोडणीस जातात, ते राज्यातील सर्वांत जास्त पाणी घेणारे पीक आहे. मुले त्यांच्याबरोबर जातात व त्यांची शाळा सुटते. त्यामुळे या प्रदेशातील पाणलोट कामाचे यश बंधाऱ्यांच्या संख्येवरून किंवा साठलेल्या पाण्याच्या घनफळावरून पूर्णपणे समजत नाही. रब्बीचे पीक हाती आल्याने किती कुटुंबे गावात थांबली, उन्हाळ्यात किती स्त्रियांची पाण्यासाठीची पायपीट संपली आणि किती मुले वर्षभर शाळेत राहिली, यांची नोंदही पाण्याच्या नोंदीबरोबर ठेवणे आवश्यक ठरते.